‘मी ब्रेकच दाबला होता’: गाडी आपोआप सुसाट सुटते तेव्हा नेमके काय घडते?

वाटसरू (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या वाहनतळात माझ्या वडिलांच्या हातून अपघात झाला. त्यांचे वय ७१ आहे. चाळीस वर्षे त्यांनी गिअरची गाडी चालवली, पुणे–कोल्हापूर आणि पुणे–रत्नागिरी हे घाटरस्ते असंख्य वेळा पार केले आणि गाडीच्या आरशालाही कधी ओरखडा येऊ दिला नाही. गुडघेदुखीमुळे क्लच दाबणे कठीण होऊ लागले, म्हणून सहा महिन्यांपूर्वी आम्ही ऑटोमॅटिक गाडी घेतली. त्या दिवशी त्यांनी मान वळवून, मागचे पाहत गाडी जागेतून बाहेर काढली, पुढे निघण्यासाठी लिव्हर ‘आर’वरून (रिव्हर्स) ‘डी’वर (ड्राइव्ह) आणला आणि पुढच्याच क्षणी इंजिनाचा मोठा आवाज होऊन गाडी सरळ जनरेटरच्या खोलीवर जाऊन आदळली. एअरबॅग उघडली, वडिलांचे मनगट दुखावले, भिंतीच्या विटा निखळल्या. पाचच मिनिटांपूर्वी त्या जागी तीन मुले सायकली फिरवत होती, हे आठवले की आजही माझी झोप उडते.

वडील पहिल्या दिवसापासून एकच सांगत आहेत: “मी ब्रेकच दाबला होता. जितका जोरात दाबला, तितकी गाडी जास्त पळाली.” सेवा केंद्राने तीन दिवसांनी एका ओळीचा अहवाल दिला की तांत्रिक दोष आढळला नाही, चालकाची चूक संभवते. गाडीच्या संगणकात साठलेली नोंद मागितली, तर ती ग्राहकाला देण्याची पद्धत नाही असे उत्तर मिळाले. त्यानंतर वडिलांनी किल्लीला हात लावलेला नाही. गाडीच्या नुकसानीपेक्षा आपल्याला खोटे ठरवले गेले याचे त्यांना अधिक दुःख आहे, आणि खरे सांगायचे तर हा धागा मी त्यासाठीच काढला आहे.

थोडे वाचल्यावर समजले की हा वाद फार जुना आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये अमेरिकेतील सीबीएस वाहिनीच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमाने ऑडी ५००० ही गाडी आपोआप वेग घेते असे दाखवले. पेडल स्वतःहून खाली जात असल्याचे जे दृश्य त्यात होते, ते गिअरबॉक्सला छिद्र पाडून आणि बाहेरून दाबाखालील हवा सोडून घडवून आणले होते, हे नंतर उघड झाले. तोपर्यंत व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते. १९८५ मध्ये अमेरिकेत ७४ हजारांहून अधिक गाड्या विकणाऱ्या ऑडीची विक्री १९९१ पर्यंत साधारण १२ हजारांवर आली. १९८९ मध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने, म्हणजे एनएचटीएसएने, आपल्या अभ्यासात निष्कर्ष काढला की अशा बहुतेक घटनांत चालकाचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडलेला असतो.

माझा प्रश्न असा आहे की वडिलांचे म्हणणे आणि सेवा केंद्राचे म्हणणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात का? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

स्पंदन

मी गेली चौदा वर्षे पुण्यात इंजिन नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरच्या चाचण्या करतो, त्यामुळे यंत्राच्या बाजूने काय काय होऊ शकते ते आधी मांडतो.

पूर्वी ॲक्सिलरेटरची तार थेट थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी, झडप ओढत असे. आताच्या गाड्यांत पेडलखाली सेन्सर असतो, तो पेडल किती दाबले आहे ते विजेच्या संकेतातून संगणकाला कळवतो आणि संगणक ठरवेल तितकी झडप एक छोटी मोटर उघडते. हा सेन्सर एकटा नसतो. दोन स्वतंत्र सेन्सर वेगवेगळ्या व्होल्टेजवर काम करतात आणि त्यांचे आकडे ठरावीक प्रमाणात जुळले नाहीत, तर संगणक इंजिनाची ताकद अगदी कमी करून टाकतो. शिवाय मुख्य प्रोसेसरवर नजर ठेवणारा दुसरा भाग असतो. त्यामुळे ‘सेन्सर बिघडला आणि गाडी सुटली’ हे वाटते तितके सहज घडत नाही.

तरीही ते अशक्य म्हणता येणार नाही, असे मी जबाबदारीने लिहितो. टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारी अमेरिकेत आल्या होत्या. त्या प्रकरणात नासाच्या अभियंत्यांनी दहा महिने तपास केला आणि सुमारे २ लाख ८० हजार ओळींचे सॉफ्टवेअर तपासले. फेब्रुवारी २०११ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालानुसार मोठा वेग निर्माण करू शकेल असा इलेक्ट्रॉनिक दोष त्यांना सापडला नाही. मात्र तक्रार आलेल्या एका गाडीच्या पेडल सेन्सरमध्ये त्यांना कथिलाचे केसासारखे सूक्ष्म तंतू वाढलेले आढळले. त्यांतील एका तंतूने दोन सेन्सरच्या परिपथांना एकमेकांशी जोडून टाकले होते. कथिलाचा मुलामा दिलेल्या धातूच्या पृष्ठभागावर असे तंतू काळाच्या ओघात आपोआप उगवतात. एकमेकांवर पहारा ठेवण्यासाठी बसवलेल्या दोन साक्षीदारांनाच त्या तंतूने एकत्र बांधले, असे त्याचे वर्णन करता येईल. नासाने त्याच अहवालात हेही लिहिले की पुरावा मिळाला नाही म्हणून असे घडूच शकत नाही असे सिद्ध होत नाही. हे वाक्य पुढे फार थोड्या लोकांनी लक्षात ठेवले.

नंतर ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात टोयोटाविरुद्ध खटला झाला. २००५ सालच्या टोयोटा कॅमरी गाडीचा तो सप्टेंबर २००७ मधील अपघात होता. त्यात चालक स्त्री गंभीर जखमी झाली होती आणि शेजारी बसलेली स्त्री दगावली होती. मायकेल बार या सॉफ्टवेअरतज्ज्ञाने न्यायालयात साक्ष दिली की संगणकाच्या स्मृतीतील एक बिट (० किंवा १ ही एकच नोंद) उलटा झाला तरी नियंत्रणाचे एक महत्त्वाचे काम बंद पडू शकते आणि थ्रॉटल आहे तसाच उघडा राहू शकतो. कार्नेगी मेलन विद्यापीठातील फिलिप कूपमन यांनी त्या प्रोग्राममधील १० हजारांहून अधिक ग्लोबल व्हेरिएबल्सकडे लक्ष वेधले. माझ्या क्षेत्रातील माणसाला हा आकडा ऐकून धक्काच बसतो, कारण प्रोग्रामच्या कोणत्याही कोपऱ्यातून बदलता येतील अशा इतक्या संख्या असतील, तर कोणत्या वेळी कोणी काय बदलले हे तपासणे मानवी आवाक्याबाहेर जाते. ज्यूरीने ३० लाख डॉलरची भरपाई दिली आणि दंडाची रक्कम ठरण्याआधी तडजोड झाली.

आता वाटसरूंच्या प्रश्नाकडे येतो. वडिलांचे वाक्य माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे: ‘जितका दाबला तितकी जास्त पळाली.’ इलेक्ट्रॉनिक दोषात इंजिनाची गती पायाच्या जोराबरोबर वाढण्याचे कारण नसते. शिवाय त्याच क्षणी ब्रेकही निकामी व्हावा लागतो, आणि ब्रेकचा हायड्रॉलिक मार्ग पूर्णपणे वेगळा असतो. हे वाचून आपल्याला वाईट वाटेल याची मला जाणीव आहे, पण एक गोष्ट तपासून पाहाच. वाहनतळात सीसीटीव्ही आहे का? असल्यास गाडी सुटताना मागचे लाल दिवे लागले होते का, ते पाहा. ब्रेकच्या दिव्याचा स्विच थेट ब्रेकच्या पेडलपाशी असतो. सेवा केंद्राने नोंद दिली नाही तरी ती एक साक्ष कोणाला नाकारता येणार नाही.

सह्याद्री७२

स्पंदन यांचा प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, परंतु अखेरीस तोही चालकाकडेच बोट दाखवतो याचे मला वाईट वाटते. ‘चालकाची चूक’ हा निष्कर्ष कंपन्यांना अतिशय सोयीचा असतो, म्हणून तो आधी तपासला पाहिजे.

२८ ऑगस्ट २००९ रोजी कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळ लेक्सस या टोयोटाच्याच ब्रँडची एक गाडी ताशी १६० किलोमीटरहून अधिक वेगाने चौकात जाऊन आदळली आणि एकाच कुटुंबातील चौघांचा मृत्यू झाला. गाडी चालवणारा गृहस्थ महामार्ग गस्तीचा अनुभवी पोलीस अधिकारी होता. गाडीतून आणीबाणीच्या क्रमांकावर फोन लागला होता आणि ॲक्सिलरेटर अडकला आहे, ब्रेक लागत नाही, असे त्यावर सांगितले जात होते. अशा माणसाला पेडल ओळखता आले नाही असे कोण म्हणेल? तपासात निघाले की विक्रेत्याने तात्पुरत्या वापरासाठी दिलेल्या त्या गाडीत दुसऱ्याच मॉडेलचे जाड रबरी मॅट टाकलेले होते आणि पेडल त्याखाली अडकले होते. त्याआधी तीच गाडी वापरलेल्या ग्राहकालाही हा अनुभव आला होता आणि त्याने तो विक्रेत्याच्या कानावर घातला होता. त्या एका तक्रारीची दखल घेतली गेली असती तर चार जीव वाचले असते.

बटणाने सुरू होणाऱ्या त्या गाडीचे इंजिन चालत्या अवस्थेत बंद करायचे, तर बटण सुमारे तीन सेकंद दाबून धरावे लागत होते. ताशी दीडशेच्या वेगात तीन सेकंदांत गाडी सव्वाशे मीटर पुढे जाते. उसनी मिळालेली गाडी चालवणाऱ्या माणसाला ही गोष्ट कोणी सांगितली असेल? त्यानंतर मॅटसाठी आणि पुढे जानेवारी २०१० मध्ये चिकटून राहणाऱ्या पेडलसाठी लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. मार्च २०१४ मध्ये ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल टोयोटाने अमेरिकी सरकारला १.२ अब्ज डॉलर भरण्याचे मान्य केले. चूक फक्त चालकांची असती, तर ही वेळ आली नसती.

आणि हे प्रकार इतिहासजमा झालेले नाहीत. एप्रिल २०२४ मध्ये टेस्लाने सायबरट्रकच्या ३,८७८ गाड्या परत बोलावल्या, कारण ॲक्सिलरेटरवरील धातूचे आवरण घसरून वरच्या पट्टीखाली अडकत होते. जुळणी करताना आवरण सहज बसावे म्हणून कोणीतरी साबण वापरला होता आणि त्यामुळे ते पुढे घट्ट बसलेच नाही. इतक्या महागड्या वाहनाचा वेग साबणाच्या थेंबामुळे अडकतो, तेव्हा ‘तांत्रिक दोष आढळला नाही’ या एका ओळीवर विश्वास ठेवायला माझे मन तयार होत नाही.

गॅरेजवाले आबा

माझे सांगलीला पस्तीस वर्षे गॅरेज आहे. आमच्याकडे याला ‘रेस अडकली’ म्हणतात. पूर्वी दर पावसाळ्यात दोन-तीन गाड्या तरी याच तक्रारीने यायच्या. तारेच्या आत पाणी शिरून गंज धरायचा, रिटर्न स्प्रिंग तुटायची, कार्बोरेटरचा काटा चिखलाने जाम व्हायचा. त्यात पायाची चूक नसायची आणि दोष उघड डोळ्यांना दिसायचा.

डिझेलच्या गाडीत आणखी एक भयंकर प्रकार होतो. टर्बोचे सील गेले की इंजिन स्वतःचेच ऑइल ओढून जाळू लागते. मग रेसवरून पाय काढला, किल्ली फिरवली, डिझेल तोडले, तरी इंजिन थांबत नाही, कारण जळायला ऑइल मिळत राहते. पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट निघतो आणि आवाज वाढत जातो. २०११ साली आमच्या दारात एक जीप अशीच रेस धरून बसली होती. माझ्या पोराने बोनेट उघडून हवेच्या नळीवर जाड गोणपाट दाबून धरले आणि हवा तोडली, तेव्हा ती शांत झाली. ते मी पुन्हा कोणाला करू देणार नाही, कारण इंजिन फुटले असते तर पोराचा चेहरा गेला असता. गिअरची गाडी असेल तर वरचा गिअर टाकून, ब्रेक गच्च धरून क्लच सोडावा आणि इंजिन बंद पाडावे, हा त्यावर उपाय आहे.

वाटसरू, तुमच्या गाडीतले मॅट पाहिले का? गाडीबरोबर आलेले मॅट खाली हुकात अडकवलेले असते. लोक त्याच्यावर बाजारातले दुसरे मॅट टाकतात आणि ते रोज थोडे थोडे पुढे सरकते. मी दर आठवड्याला एक तरी असे मॅट उचलून गिऱ्हाइकाच्या हातात देतो.

गतिका

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि वृद्धांच्या हालचाली व तोल हा माझा रोजचा विषय आहे. सह्याद्री७२ यांची चीड मला पटते, पण ‘पायाची चूक’ या शब्दांतून चालक बेफिकीर होता किंवा खोटे बोलतो असा जो अर्थ निघतो, तो मुळातच चुकीचा आहे हे सांगावेसे वाटते.

रिचर्ड श्मिट या मानसशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये या विषयावर महत्त्वाचा निबंध लिहिला. त्याचे सार असे की मेंदू ‘ब्रेक दाब’ अशी अचूक आज्ञा देतो, परंतु स्नायूंच्या अंमलबजावणीत नेहमी थोडा फरक पडतो. शेकडो वेळा तो फरक खपून जातो आणि एखाद्या वेळी पाय काही सेंटीमीटर उजवीकडे उतरतो. आज्ञा ब्रेकचीच असल्यामुळे मेंदूच्या लेखी ब्रेकच दाबला गेलेला असतो. पाय कुठे आहे हे आपण डोळ्यांनी पाहत नाही, आणि तळव्याकडून येणारा संकेत त्या घाईत फार पुसट असतो. गाडी थांबली नाही की मेंदू ‘आणखी जोरात’ अशी आज्ञा देतो, आणि पाय ॲक्सिलरेटरवर असल्याने गाडी आणखी पळते. वडिलांचे वाक्य मी पुन्हा वाचले. ते खोटे बोलत नाहीत. त्यांच्या शरीराने जे अनुभवले, ते त्यांनी शब्दशः सांगितले आहे.

यात बसण्याची पद्धतही येते. मागे पाहण्यासाठी कंबर डावीकडे वळवली की उजवा गुडघाही थोडा फिरतो आणि टाच जागची हलते. मग शरीर सरळ होते, पण टाच पूर्वीच्या जागी परतेलच असे नाही. गुडघेदुखी असलेले लोक टाच टेकवून नुसता पंजा फिरवण्याऐवजी सगळा पाय उचलून ठेवतात, त्यामुळे अंदाज चुकण्याची शक्यता आणखी वाढते. शिवाय चाळीस वर्षे वडिलांच्या डाव्या पायाला क्लचचे काम होते, म्हणजे दोन्ही पायांची मिळून एक लय होती. ऑटोमॅटिकमध्ये ती लय मोडते.

एक प्रश्न मात्र मी स्पंदन यांना विचारते. ऑडीच्या तपासात इंजिनाची आयडल गती (ॲक्सिलरेटर न दाबता असलेली गती) स्थिर ठेवणाऱ्या भागाच्या दोषामुळे गाडीला छोटासा हिसका बसत असे आणि त्याने चालक दचकत असे, असे मी वाचले आहे. म्हणजे सुरुवात यंत्राने केली आणि शेवट पायाने, असेही होऊ शकते ना?

स्पंदन

होय, नेमके तसेच होऊ शकते आणि एनएचटीएसएच्या अहवालात ती शक्यता नोंदवलेली आहे. एसीचा कॉम्प्रेसर चालू झाला की इंजिन स्वतःची गती किंचित वाढवते, ‘डी’ लागताच गाडी आपोआप सरकू लागते, आणि बेसावध माणूस त्या सरकण्याने दचकून पाय झटकन ठेवतो. त्यामुळे ‘यंत्र की माणूस’ असा सरळ निवाडा करता येत नाही. म्हणूनच त्या काळात ब्रेक दाबल्याशिवाय लिव्हर ‘पी’मधून (पार्किंग) हलूच नये अशी सोय गाड्यांत आली, आज आपण ती गृहीत धरतो. टोयोटानंतर ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकाच वेळी दाबले गेले, तर ब्रेकचे ऐकावे ही सोय सर्वत्र पसरली. दोन्ही सुधारणा ‘चूक चालकाची आहे’ असे म्हणून कंपन्या गप्प बसल्या असत्या, तर आल्याच नसत्या.

आपत्तीच्या वेळचा एक तांत्रिक मुद्दा इथेच लिहून ठेवतो, कारण तो जीव वाचवू शकतो. ब्रेक हलका व्हावा म्हणून बहुतेक पेट्रोल गाड्यांत इंजिनाने निर्माण केलेल्या निर्वाताची (व्हॅक्यूमची) मदत घेतात. थ्रॉटल पूर्ण उघडा असेल तर तो निर्वात नव्याने तयार होत नाही. साठा दोन-तीन दाबांपुरताच असतो. म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा मारू नये. एकदाच, दोन्ही पायांनी लागला तरी चालेल, पण पूर्ण जोराने दाबावा आणि सोडूच नये. त्याच वेळी लिव्हर ‘एन’वर (न्यूट्रल) ढकलावा. इंजिन ओरडेल, ओरडू द्यावे. अमेरिकेतील ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने कॅमरी व्ही-६ गाडी ताशी ७० मैलांच्या वेगात, ॲक्सिलरेटर तळाला टेकलेला असताना, केवळ ब्रेकने थांबवून दाखवली होती. नेहमीपेक्षा तिला फक्त १६ फूट जास्त लागले. किल्लीची गाडी असेल तर चालू गाडीत किल्ली ‘लॉक’पर्यंत नेऊ नये, नाहीतर स्टिअरिंग अडकते.

कुर्लावासी

हा विषय माझ्यासाठी वाहनतळापुरता मर्यादित नाही. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ला पश्चिमेला एस. जी. बर्वे मार्गावर बेस्टसाठी भाडेकरारावर चालणारी विजेवरची बस गर्दीत शिरली आणि किमान सात जणांचा बळी गेला. मी त्या रस्त्यावरून रोज स्टेशनला जातो. दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कडेला चपलांचा ढीग होता, तो अजून डोळ्यांसमोरून जात नाही. प्रकरण न्यायालयात असल्याने दोषाबद्दल मी काही लिहिणार नाही. परंतु क्लच-गिअरच्या वाहनांवर वर्षे घालवलेल्या चालकाला क्लच नसलेल्या, पेडलला स्पर्श होताच ताकद देणाऱ्या बारा मीटर लांबीच्या बसवर किती दिवस सरावाला बसवले जाते, हा प्रश्न तेव्हा सर्वांनी विचारला होता आणि तो आजही तितकाच खरा आहे. गतिका यांनी पायांच्या लयीबद्दल जे लिहिले, ते वाचताना मला ती बस आठवली. विजेच्या मोटरला पूर्ण ताकद द्यायला वेळ लागत नाही, त्यामुळे चूक समजेपर्यंतचा एक-दोन सेकंदांचा अवधीही उरत नाही.

योकोहामाकर

मी अकरा वर्षे जपानमध्ये राहतो. इथे १९ एप्रिल २०१९ रोजी तोक्योच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या एका माजी वरिष्ठ सरकारी अधिकाऱ्याची गाडी रस्ता ओलांडण्याच्या पट्ट्यांवर घुसली आणि ३१ वर्षांची आई व तिची तीन वर्षांची मुलगी जागीच गेली. गाडीत बिघाड होता असे तो गृहस्थ न्यायालयात अखेरपर्यंत सांगत राहिला. न्यायालयाने गाडीतील नोंदींच्या आधारे ते अमान्य केले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. त्या घटनेनंतर देशभर हजारो वृद्धांनी आपले परवाने स्वतःहून परत केले.

मला विशेष वाटते ते हे की जपानने दोष ठरवून विषय संपवला नाही. समोर भिंत किंवा दुसरे वाहन असताना थांबलेल्या गाडीचा ॲक्सिलरेटर एकदम तळाला गेला, तर गाडीने ती आज्ञा ऐकू नये, अशी यंत्रणा इथल्या नव्या गाड्यांत सर्रास असते. सप्टेंबर २०२८ पासून नव्या ऑटोमॅटिक मोटारींना ती सक्तीची होत आहे. वाटसरूंच्या वडिलांच्या गाडीत ती असती, तर जनरेटरच्या खोलीची भिंत बहुधा शाबूत राहिली असती.

शेजारच्या कोरियातली एक नोंद सांगतो. १ जुलै २०२४ रोजी सोलच्या सिटी हॉलजवळ एक गाडी एकेरी रस्त्यावर उलट्या दिशेने सुटून नऊ माणसे मेली. ६८ वर्षांचा चालक ब्रेकच दाबल्याचे सांगत होता. तपासात त्याच्या उजव्या बुटाच्या तळव्यावर ॲक्सिलरेटरच्या पेडलची नक्षी उमटलेली सापडली. त्यानंतर तिथे पायांकडे रोखलेला कॅमेरा गाडीत बसवून घेणाऱ्यांची संख्या खूप वाढली. लोकांना आपल्या पायांचा साक्षीदार हवासा वाटतो.

वाटसरू (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. चार दिवस मी उत्तर दिले नाही, कारण लिहिण्यासारखे काही हाती यायला वेळ लागला.

आबा, मॅट पाहिले. मूळ मॅटवर मीच हौसेने आणलेले जाड मॅट होते, आणि ते बोटभर पुढे सरकलेले होते. पेडल त्यात अडकत नाही, हे मी दहा वेळा दाबून पाहिले. पण त्याची कड नेमकी टाच टेकते तिथे उंच झालेली होती. मी ते काढून टाकले. योकोहामाकर यांचा प्रतिसाद वाचून वडिलांच्या त्या दिवशीच्या चपलाही उलट्या करून पाहिल्या. तळवे झिजून गुळगुळीत झाले आहेत, त्यांवर काही वाचता येत नाही. त्या चपला मागून मोकळ्या आहेत. टाचेला पट्टा नाही.

सीसीटीव्हीचे चित्रण रखवालदाराच्या खोलीत बसून पाहिले. गाडी मागे येते, थांबते, दोन्ही लाल दिवे लागलेले आहेत. मग दिवे विझतात, गाडी हातभर पुढे सरकते आणि पुढच्या क्षणी झेप घेते. भिंतीवर आदळेपर्यंत दिवे पुन्हा लागत नाहीत. मी ते सहा-सात वेळा मागे-पुढे करून पाहिले. स्पंदन, आपण म्हणालात तसेच आहे.

वडिलांना हे दाखवावे की नाही यावर आई आणि मी दोन दिवस बोलत होतो. आई म्हणाली की त्यांना खोटे ठरवायचे असेल तर दाखवू नकोस, समजावून सांगायचे असेल तर दाखव. म्हणून आधी मी त्यांना गतिका यांचा प्रतिसाद वाचून दाखवला, शब्दन् शब्द, आणि त्यानंतर चित्रण दाखवले. त्यांनी ते तीन वेळा पाहिले. बराच वेळ गप्प राहून म्हणाले, “पण माझ्या पायाला तो ब्रेकच लागला होता रे.” मी म्हटले, “हो बाबा, तेच त्यांनी लिहिले आहे.” अपघातानंतर पहिल्यांदाच ते त्या दिवसाबद्दल चिडल्याशिवाय बोलले.

सह्याद्री७२, आपला मुद्दा मी सोडलेला नाही. दिवे विझले होते एवढे मला कळले, पण ती हातभराची सरकण नेहमीची होती की इंजिनाने त्या क्षणी काही हिसका दिला, हे केवळ गाडीतली नोंदच सांगू शकेल. अमेरिकेत २०१५ च्या कायद्याने अशा नोंदीवर गाडीच्या मालकाचा हक्क मान्य केला आहे. माझ्या वडिलांच्या पायाबद्दलची माहिती माझ्या वडिलांना मिळू नये, हे मला कोणत्याही युक्तिवादाने पटत नाही. सोमवारी मी सेवा केंद्राला आणि कंपनीच्या मुख्यालयाला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवले आहे. आदळण्यापूर्वीच्या पाच सेकंदांतील पेडलची टक्केवारी, ब्रेकची स्थिती आणि इंजिनाची गती, एवढ्या तीनच गोष्टी मागितल्या आहेत.

रविवारी सकाळी सहा वाजता आम्ही दोघे शाळेच्या मोकळ्या मैदानावर मेव्हण्याची गाडी घेऊन गेलो. वडिलांनी टाचेला पट्टा असलेले बूट घातले होते. टाच ब्रेकच्या समोर टेकवून पंजा उजवीकडे-डावीकडे फिरवण्याचा सराव त्यांनी इंजिन बंद ठेवून केला. मग गाडी चालू करून, अगदी सावकाश चालवत, मी “एन” म्हणालो की ब्रेक गच्च आणि लिव्हर ‘एन’वर, असे पुन्हा पुन्हा केले. पहिल्या वेळी त्यांचा हात लिव्हर शोधत होता. पंधराव्या वेळेपर्यंत तो न पाहता जाऊ लागला. त्यानंतर त्यांनी गाडी बंद केली आणि किल्ली माझ्याकडे दिली. घरी परतताना गाडी मीच चालवली. पुढच्या रविवारी पुन्हा जाऊ असे तेच म्हणाले आहेत. कंपनीचे उत्तर आले की याच धाग्यावर कळवेन.